एक्स्प्रेशन कमी झालं, पण कोणापेक्षा? गरोदरपणातला मधुमेह आणि चरबीची ऊती

समजा, तुम्ही पीएचडीच्या मुलाखतीची तयारी करताय आणि ज्यांच्याकडे काम करायची इच्छा आहे त्या प्राध्यापकांचा एखादा पेपर वाचायला घेतलाय. सारांशाच्या शेवटी साधारण या धाटणीचं वाक्य असतं: गरोदरपणातला मधुमेह असलेल्या स्त्रियांच्या चरबीच्या ऊतीत अमुक जनुकाचं एक्स्प्रेशन लक्षणीयरीत्या कमी आढळलं. आपण मान डोलावतो, जनुकाचं नाव वहीत लिहून घेतो आणि पुढच्या पेपरकडे वळतो.

आज मला त्या वाक्यातल्या "कमी" या एकाच शब्दावर थांबायचंय. कमी म्हणजे कोणापेक्षा? हा प्रश्न बाळबोध वाटेल, पण या विषयातले निम्मे वाद त्याच्यापाशी येऊन अडतात.

आधी मधुमेह आणि चरबीचा संबंध बघू. निरोगी गरोदरपणातसुद्धा शेवटच्या तिमाहीपर्यंत इन्सुलिनची परिणामकारकता साधारण ५० ते ६० टक्क्यांनी घटते. हा बिघाड नाही, ही सोय आहे. वार, म्हणजे प्लॅसेंटा, स्वतःची संप्रेरकं सोडते. ती आईच्या शरीराला सांगतात की साखर बाळासाठी राहू दे, तू चरबीवर भागव. म्हणून पहिल्या सहामाहीत आईचं शरीर चरबी साठवतं आणि नंतरच्या काळात तीच चरबी वितळवून वापरतं. घरातल्या बायका "पाचवा-सहावा लागला की अंग धरतं" म्हणतात, त्यामागचं पहिलं प्रकरण हेच. दुसरं प्रकरण बाहेरून दिसत नाही.

इन्सुलिनचा परिणाम घटला की स्वादुपिंड जास्त इन्सुलिन बनवून भरपाई करतं, अगदी दुप्पट-तिप्पट. बहुतेक बायकांमध्ये हा ताळमेळ जमतो. काहींमध्ये जमत नाही, रक्तातली साखर वाढते आणि त्याला गरोदरपणातला मधुमेह म्हणतात. पुढे मी सोयीसाठी जीडीएम म्हणेन. आपल्याकडे सरकारी दवाखान्यात ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून देतात, उपाशी असा वा जेवलेल्या, आणि दोन तासांनी साखर १४० मिलिग्रॅम किंवा जास्त आली तर निदान होतं. आंतरराष्ट्रीय निकष वेगळे आहेत: उपाशीपोटी ९२, एक तासाने १८०, दोन तासांनी १५३, आणि यातला एक आकडा ओलांडला तरी पुरे. म्हणजे "जीडीएम गट" हे शब्द दोन पेपरांत सारखे असले तरी आतल्या बायका सारख्या असतीलच असं नाही. तुलनेतली पहिली भेग इथेच पडते.

चरबीची ऊती नुसतं कोठार नाही. ती संप्रेरकं बनवते, त्यातलं एडिपोनेक्टिन इन्सुलिनच्या कामाला मदत करतं आणि जीडीएममध्ये त्याची रक्तातली पातळी कमी असते. इन्सुलिनचं ऐकून चरबी वितळवणं थांबवणं हे या ऊतीचं एक मुख्य काम. तिने ऐकणं सोडलं की मेदाम्लं रक्तात सुटतात, यकृतात आणि स्नायूंत जातात आणि तिथेही इन्सुलिनचा परिणाम बिघडवतात. त्यामुळे या ऊतीत कोणती जनुकं जास्त वाचली जाताहेत आणि कोणती कमी, हा प्रश्न रास्तच आहे.

नमुना येतो कुठून

रक्त काढता येतं, लघवी मागता येते. चरबी मात्र कापून घ्यावी लागते. त्यामुळे या विषयातले बहुसंख्य नमुने सिझेरियनच्या वेळी घेतलेले असतात. सर्जनना पोटाच्या त्वचेखालच्या चरबीतून जावंच लागतं, तिथला एक छोटा तुकडा मिळतो. काही अभ्यासांत ओमेंटमचा तुकडाही घेतात. आतड्यांवर पडद्यासारखी पसरलेली असते ती चरबी. या दोन चरब्यांचा स्वभाव वेगळा आहे, म्हणून पेपरमध्ये नुसतं "मेद-ऊती" लिहिलं असेल तर पद्धतींच्या भागात जाऊन कुठली ते शोधा.

आता या नमुन्याला काय काय चिकटून आलंय बघा. जीडीएमचं निदान बहुधा २४ ते २८ आठवड्यांत होतं, नियोजित सिझेरियन ३८-३९ व्या आठवड्यात. मधल्या दहा-पंधरा आठवड्यांत त्या बाईने आहार बदललेला असतो, काहींनी मेटफॉर्मिन किंवा इन्सुलिन घेतलेलं असतं. नियंत्रण गटातल्या बाईने यातलं काहीच केलेलं नसतं. मग जो फरक दिसला तो आजाराचा की उपचाराचा?

शिवाय ऑपरेशनआधी बाई उपाशी असते. उपास जितका लांबेल तितकी चरबी वितळवणारी यंत्रणा जोर धरते. सकाळी सातला घेतलेली पहिली केस आणि लिस्टमध्ये मागे पडून दुपारी तीनला घेतलेली केस यांच्या चरबीतली जनुकं सारखी वागणार नाहीत, दोघींना काहीही आजार नसला तरी. आणि एखादी नियोजित, तर दुसरी बारा तास कळा देऊन मग आत नेलेली असेल, तर कळांबरोबर येणारा दाह हाही त्या तुकड्यात नोंदला गेलेला असतो.

पेपरमध्ये उपासाचे तास दिलेत का, कळा सुरू झाल्या होत्या का, हे मी हल्ली सगळ्यात आधी बघते. कंटाळवाणा भाग आहे. पण एका बाईने, भुलीच्या तयारीत असताना, आपल्या अंगाचा तुकडा अभ्यासाला द्यायला सही केलेली असते. तो तुकडा पुन्हा मागता येत नाही. त्याच्यासोबतची माहिती लिहून ठेवणं हे निदान आपल्या हातात असतं.

तुलनेत कोण बसवलंय

जीडीएमच्या बायका आणि जीडीएम नसलेल्या गरोदर बायका, हे दोनच गट असतील तर एक मोठी गोष्ट अदृश्य होते: गरोदरपणाने स्वतः काय केलं. पीपीएआर-गॅमा नावाचं जनुक घ्या. चरबीची पेशी घडवण्यात याचा वाटा मुख्य. मधुमेहावरचं पायोग्लिटाझोन हे औषध याच्याच प्रथिनावर काम करतं. हे जीडीएममध्ये कमी असेल अशी कल्पना करणं सोपं आहे. २००२ मध्ये पॅट्रिक कॅटालानो आणि सहकाऱ्यांनी स्थूल स्त्रियांमधला जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात गरोदर नसलेल्या स्त्रियांचा तिसरा गटही होता. पीपीएआर-गॅमा कमी दिसलं खरं, पण जीडीएम असलेल्या आणि नसलेल्या, दोन्ही गरोदर गटांत. म्हणजे त्या घसरणीचा बराच भाग गरोदरपणाचा होता, आजाराचा नव्हे. तिसरा गट नसता तर हे समजलंच नसतं.

तिसरा गट मिळवणं मात्र अवघड. गरोदर नसलेल्या, त्याच वयाच्या, निरोगी बाईच्या पोटाची चरबी कुठल्या निमित्ताने मिळणार? बहुधा दुसऱ्या कुठल्यातरी शस्त्रक्रियेच्या वेळी. मग ती शस्त्रक्रिया ज्या कारणाने झाली ते कारणही तुलनेत शिरतं.

दुसरी अडचण वजनाची. जीडीएमच्या बायकांचं वजन सरासरीने जास्त असतं आणि स्थूलपणा एकट्यानेच चरबीतली शेकडो जनुकं वर-खाली करतो. म्हणून पेपरात लिहिलेलं असतं की दोन्ही गट बीएमआयनुसार जुळवले. युरोपातल्या अभ्यासासाठी हे एकवेळ ठीक. आपल्याकडे मला ते पुरेसं वाटत नाही, आणि त्याचं कारण पुण्यातच सापडतं. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे प्रा. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये लॅन्सेटमध्ये स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बीएमआय अगदी एक, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. याज्ञिक यांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत जे काम केलं, त्यात नवजात बाळांमध्येही हेच दिसलं: वजनाने बारीक, पण त्या मानाने चरबी राखून असलेली बाळं.

याचा आपल्या प्रश्नाशी थेट संबंध आहे. भारतीय बायकांमध्ये जीडीएम तुलनेने कमी बीएमआयलाही होतो. तुम्ही दोन गट बीएमआय २३ वर जुळवलेत, तरी एका गटात चरबी दीडपट असू शकते. मग पेपरात जो फरक "जीडीएममुळे" म्हणून छापला जाईल तो निव्वळ जास्त चरबीचा असू शकेल. उद्या तुम्ही इथे प्रकल्प मांडलात तर त्वचेच्या घडीची जाडी तरी मोजा, कॅलिपरला फार खर्च येत नाही.

मोजपट्टीच हलली तर

आता प्रयोगशाळेत येऊ. चरबीतून आरएनए काढणं हे चिकट काम आहे. पेशीचा बहुतेक भाग म्हणजे एकच मोठा तेलाचा थेंब, त्यामुळे स्नायू किंवा यकृताच्या तेवढ्याच तुकड्यापेक्षा आरएनए कितीतरी कमी मिळतो. सेंट्रीफ्यूज केल्यावर वर तुपासारखा थर येतो. तो आधी बाजूला काढला नाही तर पुढे सगळं बिघडतं.

आरएनए मिळाला, क्यूपीसीआर लावलं. इथे मशीन सीटी नावाचा आकडा देतं: किती फेऱ्यांनंतर चमक उंबरठ्यावर पोचली. जनुकाच्या प्रती जितक्या जास्त तितक्या फेऱ्या कमी लागतात. एका फेरीचा फरक म्हणजे दुप्पट किंवा निम्मं. पण प्रत्येक नळीत आरएनए थोडा कमी-जास्त पडतोच, म्हणून आपण एक "स्थिर" जनुक संदर्भाला घेतो आणि त्याच्याशी तुलना करतो. वर्षानुवर्षं हे संदर्भ जनुक म्हणजे जीएपीडीएच. वर्गात हेच शिकवतात, फ्रीजमध्ये याचेच प्रायमर असतात.

एक हिशेब करू. आकडे माझे, समजण्यापुरते. नियंत्रण गटात आपल्या जनुकाचा सीटी २५, जीएपीडीएचचा १८. फरक ७. जीडीएम गटात आपल्या जनुकाचा सीटी पुन्हा २५, म्हणजे ते जराही बदललेलं नाही. पण जीएपीडीएचचा आला १७. फरक झाला ८. सूत्रात घातलं की उत्तर येतं: जीडीएममध्ये आपलं जनुक निम्म्यावर आलं! बदललं दुसरंच, आणि नाव लागलं आपल्या जनुकाचं.

ही भीती काल्पनिक नाही. जीएपीडीएच साखर फोडण्याच्या साखळीतलं एन्झाइम आहे आणि चरबीच्या पेशीत इन्सुलिन त्याचं एक्स्प्रेशन वाढवतं. म्हणजे ज्या आजारात इन्सुलिनचंच गणित बिघडलंय, तिथे आपण इन्सुलिनच्या तालावर नाचणारी मोजपट्टी धरून बसलोय. २००२ मध्ये जो व्हँडेसॉम्पेल आणि सहकाऱ्यांनी एकापेक्षा जास्त संदर्भ जनुकं घ्यायची आणि त्यांची स्थिरता आधी तपासायची पद्धत मांडली. २००९ मध्ये आलेल्या एमआयक्यूई या मार्गदर्शक तत्त्वांतही हाच आग्रह आहे. तरीही एकट्या जीएपीडीएचवर उभे असलेले पेपर तुम्हाला भेटतील. भेटले की तिथे पेन्सिलीने एक रेघ मारून ठेवा.

तुम्ही म्हणाल, मग आरएनए-सीक्वेन्सिंग करू, एका जनुकाची भानगडच नको. करा. पण तिथे प्रथिनं बनवणाऱ्या जनुकांचीच संख्या वीस हजारांच्या आसपास असते. पी ०.०५ हा नेहमीचा उंबरठा लावला, तर दोन गटांत काहीही फरक नसताना सुमारे एक हजार जनुकं "लक्षणीय" निघतील. म्हणून तिथे एफडीआरची दुरुस्ती केलेला पी पाहायचा. एका गटात सहा-आठच बायका असतील तर ती दुरुस्ती केल्यावर हातात फारसं उरत नाही, आणि मग काही लेखक हळूच दुरुस्ती न केलेल्या आकड्यांवर येतात. पुरवणी तक्त्यात ते लपत नाही.

कोणाच्या पेशी मोजल्या

चरबीच्या तुकड्यात चरबीच्याच पेशी असतात असं वाटतं. आकारमानाने बघितलं तर खरंच. पण संख्येने मोजलं तर निम्म्याहून जास्त पेशी इतर असतात: रक्तवाहिन्यांच्या, रोगप्रतिकारक, अजून चरबीपेशी न झालेल्या. सगळं एकत्र वाटून आरएनए काढला की मिसळ तयार होते, आणि मटकी कमी झाली की फरसाण वाढलं ते चवीवरून सांगता येत नाही.

पुन्हा एक काल्पनिक हिशेब. नियंत्रण गटात १०० पेशींमागे ४० चरबीपेशी, जीडीएम गटात ३०, कारण मॅक्रोफेज वाढलेत. एडिपोनेक्टिन फक्त चरबीपेशी बनवतात. प्रत्येक पेशी पूर्वीइतकंच काम करत असली तरी मिसळीत एडिपोनेक्टिनचं एक्स्प्रेशन सुमारे पाव हिश्शाने कमी दिसेल. जनुकाचं नियंत्रण बिघडलं, असा निष्कर्ष काढला तर चुकला. उलट, टीएनएफ वाढलेलं दिसलं तर ते चरबीपेशींनी वाढवलं की पाहुणे म्हणून आलेल्या मॅक्रोफेजनी, हेही मिसळीवरून कळत नाही.

पेशी सुट्या करून एकेक वाचायची म्हटलं तर चरबीची पेशी अडून बसते. ती मोठी, नाजूक आणि तरंगणारी. यंत्रात जायच्या आत फुटते. म्हणून पेशीऐवजी तिचं केंद्रक वेगळं काढून वाचतात. २०२२ मध्ये नेचरमध्ये माणसाच्या पांढऱ्या चरबीचा जो पेशी-नकाशा आला, त्यात चरबीपेशी याच मार्गाने वाचल्या होत्या. केंद्रकात जे असतं ते अर्थात अर्धवट तयार झालेलं आरएनए, पेशीतलं सगळं नव्हे. कुठेतरी तडजोड करावीच लागते.

आणि समजा एवढं सगळं नीट केलं, तरी एमआरएनए म्हणजे काम नव्हे. इथे मला १९९३ चा एक जुना अभ्यास फार आवडतो. गार्व्ही आणि सहकाऱ्यांनी जीडीएमच्या स्त्रियांच्या चरबीपेशींत ग्लुट-४ हे प्रथिन पाहिलं. इन्सुलिनने इशारा दिला की हे पेशीच्या पडद्यावर येतं आणि साखर आत घेतं. साधारण निम्म्या स्त्रियांमध्ये ग्लुट-४ खूपच कमी होतं. उरलेल्या निम्म्यांमध्ये ते पुरेसं होतं, पण चुकीच्या जागी होतं, इशारा मिळूनही नीट हलत नव्हतं. दोघींच्या पेशी साखर घ्यायला सारख्याच नालायक. नुसतं जनुकाचं एक्स्प्रेशन मोजलं असतं तर दुसऱ्या प्रकारच्या बाईला आपण "नॉर्मल" ठरवून मोकळे झालो असतो. आणि सरासरी काढली असती, तर "ग्लुट-४ निम्म्याच्या आसपास कमी होतं" असं, एकाही बाईला लागू न पडणारं वाक्य छापलं असतं.

यामुळे मी आता पेपरमधली पट्ट्यांची आकृती सोडून ठिपक्यांची शोधते. प्रत्येक ठिपका म्हणजे एक बाई. ठिपके दोन पुंजक्यांत बसलेत का, एकच ठिपका सगळी सरासरी ओढतोय का, ते डोळ्यांना लगेच दिसतं.

हा सगळा काथ्याकूट कशासाठी, असं मुलाखतीत कुणी विचारलं तर उत्तर प्रसूतीनंतरच्या काळात आहे. वार बाहेर आली की बहुतेकींची साखर काही दिवसांत जागेवर येते, फाइल बंद होते, घरात सगळं लक्ष बाळाकडे जातं. पण मोठ्या एकत्रित विश्लेषणांनुसार या बायकांना पुढे टाइप २ मधुमेह होण्याचा धोका इतरांच्या सात ते दहा पट असतो. चरबीतला तो बदल आधीपासून होता का, गरोदरपणाने घडवला का, आणि नंतर तो मिटला की तसाच राहिला, या तीन शक्यतांवर पुढचे उपाय ठरतात. आधीपासून असेल तर लग्नाआधीच्या मुलींकडे बघायला हवं. गरोदरपणाने घडवला असेल तर ते नऊ महिने महत्त्वाचे. तसाच राहिला असेल तर प्रसूतीनंतर सहा आठवड्यांनी करायची साखरेची तपासणी, जी कितीतरी बायका करतच नाहीत, आणि नंतरच्या वर्षांतल्या फेरतपासण्या.

सिझेरियनच्या टेबलावर घेतलेला एक तुकडा या तिन्हींत भेद करू शकत नाही, कारण तो एकाच क्षणाचा आहे. त्यासाठी त्याच बाईची चरबी गरोदरपणाआधी, दरम्यान आणि नंतर हवी. सहा आठवड्यांचं बाळ मांडीवर असलेल्या बाईला, पोटाला पुन्हा एक सुई टोचून घ्यायला या म्हणून फोन करायचा, आणि तिने का यावं हे तिला तिच्या भाषेत सांगायचं, हे कुठल्याही सीक्वेन्सिंगपेक्षा अवघड काम आहे. म्हणून तिन्ही वेळचे नमुने असलेला अभ्यास दिसला, की त्यात बायका दहाच असल्या तरी मी तो आधी वाचते.